चष्म्याची डबी

आवाज जरा दबका येईल, समजून घ्या. मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून बोलतोय. डब्यात माझ्या सोबतीला शिवणाच्या सुया, दोन तुटकी बटणं आणि केकवर लावायची एक कोरी मेणबत्ती आहे. मी पिस्तूल आहे. म्हणजे होतो. माझी जांभळी मूठ वितळून एका अंगाला ओघळली आहे आणि वरची सरकती पाठ जागच्या जागी घट्ट बसली आहे. आता मला कुणी हातात घेतलंच, तर वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला घेईल.

जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ज्या कारखान्यात मी झालो तिथे दिवसाला शेकड्याने आम्ही होतो, कुणाचं बारसं होत नाही. माझ्या घाटाच्या पिस्तुलांची मूठ आधी काळी असायची. मग कुणाला तरी वाटलं की बायकांसाठी वेगळं काही काढावं, म्हणून ती जांभळी केली आणि अंग आणखी लहान केलं. बायकांना काय हवं हे ज्या खोलीत ठरलं, तिथे एकही बाई नसावी असा माझा अंदाज आहे.

टेनेसीच्या डोंगराळ भागात, एका छोट्या गावातल्या दुकानात मी येऊन पडलो. दुकानात एका बाजूला मासे पकडायचे गळ आणि फ्रिजमध्ये जिवंत गांडुळं, दुसऱ्या बाजूला काचेच्या पेटीत आम्ही. लॉइड नावाचा माणूस दोन्हीकडे बघायचा. गांडुळाच्या हाताने तो आम्हाला उचलायचा, आणि गिऱ्हाइकं तरीही आम्हाला मोठ्या आदराने घ्यायची.

जानेवारीत व्हर्लीन ओडम तिथे आल्या. वय सदुसष्ट, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं त्यांनी पोरांना जेवू घातलं होतं. बरोबर मुलगा डेल होता. शेजारच्या हॉलिसच्या शेडमधून जनरेटर चोरीला गेला होता, आणि तेव्हापासून डेलने आईच्या मागे टुमणं लावलं होतं.

"लॉइड, आईसाठी एक बघ," डेल म्हणाला. "घरात ठेवायला. आणि कधी बाहेर गेली तर पर्समध्ये मावेल असं."

व्हर्लीनबाईंनी पेटीच्या कोपऱ्यातल्या जुन्या, जाड रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवलं. "ते बघू जरा. डेलच्या वडिलांकडे होतं तसलं."

त्यांनी ते हातात घेतलं, चक्र बाजूला काढलं आणि आत बघितलं. "सहा भोकं. सहाच्या सहा दिसतात. रिकामं आहे की भरलेलं, आंधळ्यालाही कळेल. हे बरंय."

"मावशी, पेललं तरी पाहिजे ना," लॉइड हसला. "पर्समध्ये घातलंत तर खांदा निखळेल तुमचा."

एकतीस वर्षं घेवड्याची वीस-वीस किलोची पातेली उतरवणाऱ्या बाईला तो हे सांगत होता. आणि त्याने मला बाहेर काढलं.

"हे बघा. हलकं, नाजूक. बायका हेच नेतात."

आता माझ्याविषयीचं एक खरं ऐका, ते लॉइडला माहीत होतं आणि डेलला ठाऊक असायला हवं होतं. आमच्यात अंग जितकं लहान, तितकी आतली स्प्रिंग कडक. माझी पोलादी पाठ जोर लावून मागे ओढल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही. आणि एकदा चढलेली गोळी पाठ ओढल्याशिवाय बाहेरही येत नाही. व्हर्लीनबाईंनी दोनदा ओढून बघितलं. त्यांच्या अंगठ्यांचे सांधे पार झिजलेले होते. पाठ अर्धा बोटभर सरकली आणि परत गेली.

"राहू दे गं," डेल म्हणाला. "तुला ओढायचंय कशाला? मी एकदा भरून देतो. मग तू नुसता चाप दाबायचा."

"आणि रिकामं करायचं असलं तर?"

"रिकामं कशाला करायचंय? रिकाम्याचा काय उपयोग?"

लॉइड हसला, डेल हसला. बाईंनी एकदा त्या रिव्हॉल्व्हरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं." मला वाटतं त्या घरात त्यांनी आयुष्यभर म्हटलेल्या शब्दांपैकी निम्मे तरी हेच असतील.

घरी आल्यावर डेलने मला भरलं. एक गोळी नळीत, सहा खाली. मग त्याने मला बाईंच्या उशाशी ठेवलं, भाकरीसारखा मक्याचा पाव आणि हॅमचं हाड घातलेला घेवडा पोटभर खाल्ला आणि निघून गेला. जाताना किल्ली नेहमीच्या जागी ठेवली, म्हणजे पायरीवरच्या कुंडीखाली. त्या गावात प्रत्येकाची किल्ली कुंडीखाली असते आणि प्रत्येकाला ती माहीत असते. चोरासाठी उशाशी मी आणि चोरासाठीच दारात किल्ली, याचं कुणालाही हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ऱ्होंडाचा फोन आला. ऱ्होंडा ही व्हर्लीनबाईंची मुलगी. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तातडीच्या विभागात नर्स आहे. दर एकाआड एक रविवारी ती आपल्या सात वर्षांच्या मुलीला, एम्रीला, घेऊन आईकडे यायची. त्या एका दिवसावर बाईंचे उरलेले तेरा दिवस चालायचे. सोमवारपासून बेत सुरू. एम्रीला काय करायचं, तिचा झालर लावलेला एप्रन धुतलाय का, पेपरमिंटच्या गोळ्या संपल्यात का.

"आई, हॉलिसकाकांकडे चोरी झाली म्हणे. डेलने तुला काही आणून दिलं नाही ना?"

"काय आणून देणार?"

"तुला कळतंय मी काय विचारतेय. असलं तर असू दे, मी भांडणार नाही. पण मग ते कुलपात पाहिजे. तसं नसेल तर एम्री त्या घरात येणार नाही. तुझ्याच असं नाही, मी सगळ्यांनाच विचारते. तिच्या मैत्रिणींच्या घरीसुद्धा."

मी उशीखालून ऐकत होतो. बाईंनी उशी माझ्यावर नीट सारली. खरं सांगायचं असतं तर तेव्हाच.

"नाही गं. माझ्या घरात काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डेलला कुलपाच्या पेटीचं विचारलं. डेल म्हणाला, "तू कुलूप उघडेपर्यंत चोर काय बर्फाचा चहा पीत बसणार आहे?" मग त्यांनी त्याला निदान एकाआड एक शनिवारी येऊन मला रिकामं करून जायला सांगितलं. तो आला एकदा. पण पुढच्या आठवड्यात चर्चमधल्या पुरुषांच्या न्याहरीला ही गोष्ट चांगली तिखटमीठ लावून सांगितली गेली, आणि लॉइडने बाईंना भर रस्त्यात विचारलं, "काय मावशी, खेळणं चालवता येत नाही म्हणे?" बाईंनी परत डेलला सांगितलं नाही. स्वतःच प्रयत्न केला. मला फडक्यात धरून, टेबलाच्या कडेला रेटून, एकदा तर गुडघ्यांत धरून. अंगठ्याची साल निघाली, पण मी उघडलो नाही. मला लाज वाटली म्हणून सांगतो, लोखंडाला लाज वाटत नाही हे खोटं आहे.

पिस्तूल लपवून बाळगण्याच्या परवान्याचा वर्ग चर्चच्या तळघरात भरला होता. बाईंनी तोही केला, कागद मिळवला, आणि मी त्यांच्या पर्समधून चर्चला जायला लागलो. बाकांवर नजर फिरवायची गरज नसते, आम्हाला आमचे लोक कळतात. पहिल्याच रविवारी देवाच्या दारात आम्ही सतरा जण होतो, त्यातला एक पाद्र्याच्या कोटात. विषय होता शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा. प्रवचन संपल्यावर हॉलिसने उभं राहून सांगितलं की त्याचा जनरेटर सापडला. चोरीला गेलाच नव्हता. त्याचाच पुतण्या मासे तळायच्या जेवणाला न विचारता घेऊन गेला होता.

"म्हणजे चोर नव्हताच?" बाई बाहेर आल्यावर डेलला म्हणाल्या.

"आज नव्हता. उद्या येईल."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ना, तसं झालं. पण आणलेलं औषध कुणी परत करत नाही.

तेव्हाच मला परत दिलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वेळी चर्चमध्ये एम्री आजीच्या शेजारी बसली होती, तिच्या पलीकडे ऱ्होंडा. प्रवचन लांबलं की एम्रीने आजीच्या पर्समध्ये हात घालायचा आणि पेपरमिंट काढायची, हा त्या दोघींचा जुना करार. हात आला. छोटा, गरम, जरासा चिकट. तो रुमालावरून, गोळ्यांच्या पुडीवरून सरकत माझ्या मुठीवर येऊन थांबला. माझ्या नळीत तेव्हा गोळी चढलेली होती. चाप तिच्या करंगळीपासून किती लांब होता ते मी कुणालाही सांगणार नाही.

"आजी, हे काय?"

बाईंनी तिचा हात अलगद बाहेर काढला. "चष्म्याची डबी, बाळ." आणि स्वतः तिला पेपरमिंट दिली. मग पर्स मिटून स्वतःच्या पलीकडच्या बाजूला ठेवली.

त्यानंतर ऱ्होंडाच्या रविवारी मी घरीच राहायचो. पण ठेवायचं कुठे? आधी पिठाच्या डब्यात. तर एम्रीला त्याच दिवशी पिठाची बिस्किटं करायची होती, आणि बाईंनी डबा तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. मग कपाटात टोपीच्या खोक्यात. एम्रीने आजीच्या टोप्या घालून आरशासमोर नाचायचं ठरवलं. पियानोच्या बाकात ठेवलं तर तिला पियानो आठवला. लहान मूल घरात असलं की घराला कोपरे उरत नाहीत. बाईंनी त्या पोरीच्या येण्याची तेरा दिवस वाट बघायची, आणि ती आली की दिवसभर तिच्या मागे मागे फिरून तिला हे उघडू नको, ते उघडू नको म्हणायचं. एम्रीने एकदा आईला विचारलेलं मी ऐकलं, "आजीला मी आले की राग येतो का?"

शेवटी बाईंना ओव्हन सुचला. त्याला कारण होतं. तीन वर्षांची असताना एम्रीचा तळवा त्या ओव्हनवर भाजला होता. तेव्हापासून ती घरातलं सगळं उघडायची, ओव्हन सोडून. त्याच्या जवळूनही जायची नाही. आणि बाई रविवारी ओव्हन लावायच्या नाहीत, सगळं शनिवारीच करून ठेवलेलं. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा त्यांनी अशी प्रेमाने शोधून काढली. जुन्या फडक्यात गुंडाळून मला मधल्या जाळीवर ठेवायच्या, झाकण लावायच्या, वर हात फिरवायच्या आणि चर्चला जायच्या. दुपारी मायलेकी गेल्या की मी परत उशाशी. असे सात रविवार गेले. बाई मोकळ्या हसायला लागल्या. एम्रीला पिठात हात घालू द्यायला लागल्या. तो काळ माझ्या आयुष्यातला एकच बरा काळ.

ऑगस्टमध्ये बाईंचा अडुसष्टावा वाढदिवस रविवारीच आला. ऱ्होंडाने फोन करून सांगितलं, "आई, आम्ही आज चर्चला नाही येत, थेट जेवायलाच पोहोचू." बाई डेलच्या गाडीतून चर्चला गेल्या. त्यांची गाडी वळणापलीकडे गेली आणि ऱ्होंडाची गाडी अंगणात आली. आईला चकित करायचं होतं. कुंडीखालची किल्ली तिलाही माहीत होती.

ओव्हनच्या आतून मला सगळं ऐकू येत होतं. पिशव्या ठेवल्याचा आवाज. एम्री टेबलापाशी खुर्चीवर उभी राहून रंगीत कागदावर आजीचं नाव लिहीत होती आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणत होती. ऱ्होंडाने घरून पीचच्या फोडींवर पिठाचा थर दिलेली गोड थाळी तयार करून आणली होती, फक्त भाजायची बाकी. तिने बाहेरची कळ फिरवून ओव्हन चारशे फॅरनहाइटवर लावला आणि पीचवर साखर भुरभुरायला वळली. ओव्हन गरम होईपर्यंत आत कोण बघतं?

आधी फडकं करपलं. मग माझी मूठ मऊ पडायला लागली. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. मला बनवणाऱ्यांनी मला एकच आवाज दिला होता, आणि तो काढायचा नाही म्हणून मी सगळी शक्ती लावत होतो. पण गोळीतल्या दारूला तापमान कळतं, माया कळत नाही.

"आई, घाण वास येतोय," एम्री म्हणाली.

ऱ्होंडाने झाकण उघडलं. धूर बाहेर आला, आणि धुरातून तिने मला पाहिलं. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर बघत उभी राहिली असती, किंवा हात घालून काढायला गेली असती. ऱ्होंडाने झाकण लोटलं, खुर्चीवरून मुलीला कमरेला धरून उचललं आणि पळाली. त्या पायरीवर पोहोचल्या तेव्हा माझ्या नळीतली गोळी सुटली. ती झाकणाची काच फोडून, टेबलावरून, रंगीत कागद ओलांडून खुर्चीच्या पाठीतून आरपार गेली आणि भिंतीत रुतली. मग खालच्या सहा माझ्या पोटातच एकेक करून फुटल्या. मी कुणालाही मारलं नाही. त्या खुर्चीवर कुणी नव्हतं.

शेरीफचा माणूस आला, ओव्हन बंद केला. बाई चर्चहून परतल्या तेव्हा ऱ्होंडा पायरीवर बसली होती आणि एम्री तिच्या मांडीत, कानांवर अजून हात दाबून. आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं.

"मी तुला विचारलं होतं, आई."

"हो."

"कितीदा?"

"दर वेळी."

"अगं, उशाशी ठेव म्हणून सांगितलं होतं मी," डेल मागून म्हणाला. "ओव्हन ही काय जागा झाली?"

त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. एम्रीने कानांवरचे हात काढले. ती आजीकडे वळली.

"आजी," ती म्हणाली, "ती चष्म्याची डबी होती ना?"

बाईंनी काखेतली पर्स पाठीमागे घेतली. ऱ्होंडाने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा आईकडे. तिला काय कळायचं ते कळलं. ती उठली, मुलीला गाडीत बसवलं आणि गेली. पीचची थाळी तशीच ओट्यावर राहिली.

त्या आठवड्यात गावाने बाईंच्या दारात भाजलेल्या पदार्थांच्या थाळ्यांची रांग लावली, कुणी मेल्यावर लावतात तशी. प्रत्येक थाळीबरोबर एक सल्ला होता. त्या छोट्या खेळण्यापेक्षा अमुक घ्या. त्याची स्प्रिंग हलकी असते. तमुक घ्या, माझ्या बायकोकडे आहे. लॉइडने तर ते जाड रिव्हॉल्व्हर अर्ध्या किमतीत देऊ केलं. डेल एक नवीन घेऊनही आला.

बाईंनी ते त्याच्या हातात परत दिलं. "ने. आणि कुंडीखालची किल्लीही ने."

"अगं पण चोर आला तर?"

"चोर आला तर काय नेईल रे आता?"

महिन्याभराने शेरीफच्या माणसाने मला पिशवीतून परत आणलं, कारण कायद्याने मी बाईंचीच वस्तू. सही करून त्यांनी मला घेतलं. या डब्यात ठेवलं, तेव्हापासून इथेच आहे. ओव्हन मागच्या अंगणात आहे, फुटक्या काचेत चिमण्यांनी गवत आणलंय.

तुम्ही कधी काचेच्या पेटीपुढे उभे राहिलात, पहिलंच पिस्तूल निवडायला, तर दोन्ही बाजूंना माणसं बोलत असतील. हे भरायला सोपं, हे लपवायला सोपं, हे बाईमाणसाच्या हाताला शोभतं. तेव्हा तुम्ही एवढंच विचारा, हे मला माझ्या हातांनी रिकामं करता येईल का, आणि ज्याला घरात यायचंय त्याला मी हे सांगू शकेन का. लॉइड हसेल. हसू द्या. व्हर्लीनबाईंनी पहिला प्रश्न विचारला होता, पण हसण्यापुढे त्या थांबल्या, आणि दुसरा विचारायचा राहिला.

आज रविवार आहे. एम्रीचा असायचा तो. बाईंनी सकाळीच झालरीचा एप्रन धुऊन वाळत घातलाय. आता त्या फोन लावतायत, दर वेळी लावतात तसा.

"ऱ्होंडा, ये ना गं. घेऊन ये तिला. माझ्या घरात आता काही नाही."

हे अगदी खरं आहे. डब्यातला मी वितळलेला गोळा आहे, दुसरं काही घरात नाही, मी साक्ष द्यायला तयार आहे. पलीकडून ऱ्होंडा बोलते, आणि तिच्या आवाजात राग नसतो, तेच वाईट.

"आई, तू आधीही हेच म्हणायचीस."